रविवारच्या वर्गात आई

मी निपाणीच्या जैन घरातली; लग्न करून बेळगावच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घरात आले. इथं सिनेगॉग नाही, म्हणून दर रविवारी खासबागेत चुलत सासऱ्यांकडे आम्ही मोठी माणसं धर्मग्रंथ शिकायला बसतो. एक जण वाचतो, बाकीचे शंका काढतात.

गेल्या महिन्यात आई राहायला आली होती. तिलाही नेलं. शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा दिवा शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत का लावायचा, यावर बोलणं चाललं होतं. आई मध्येच म्हणाली, "आमच्यातबी दिवस मावळायच्या आत जेवत्यात. दोन्ही एकच काय वो?"

मी तिथं अजून नवखी. मला ओशाळल्यासारखं झालं. "आई, ते वेगळं. तू गप बस जरा."

"अगं, बोलू दे त्यांना," चुलत सासरे म्हणाले. "विहीणबाई, सांगा की, तुमच्यात कसं असतं?"

"न्हाय वो, मला काय कळतंय," म्हणत आई हसली आणि पदर सारखा करत राहिली.

रिक्षात मी माफी मागितली. "त्यात काय गं," ती म्हणाली. पण पुढच्या रविवारी पाय दुखतात म्हणून ती घरीच थांबली. वर्गात सगळ्यांनी आधी तिचीच चौकशी केली. मीही पायाचंच कारण सांगितलं.