लीलाबाईचा हातगुण

दारव्ह्याकडच्या त्या गावात कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारा मारायचा म्हटलं की आधी लीलाबाईला निरोप जायचा. घरचं सहा एकर वावर होतंच, पण शेजारपाजारचेही ड्रम भरून ठेवत आणि सांगत, औषध तेवढं लीलाबाईनं कालवावं, तिच्या हाताला गुण आहे. डॉक्टरच्या हाताला असतो तसा. लीलाबाईला हे ऐकायला फार आवडे. बाटलीचं टोपण ती मोजायला वापरत नसे, वासावरून अंदाज घेई. काठीनं ढवळलं तर भुकटीच्या गाठी राहतात असं तिचं ठाम मत होतं, म्हणून बांगड्या कोपराकडे सारून हात सरळ ड्रममध्ये घाली. या मताविरुद्ध बोलायची गावात कोणाची छाती नव्हती. नवऱ्याची, किसनरावांची, तर नव्हतीच.

आणखी एका गोष्टीचं तिला कौतुक मिळे. चुलीवरचं उकळत्या वरणाचं पातेलं ती सांडशीशिवाय उतरवायची. चटका म्हणून लागत नसे. पाहुण्या बाया तोंडात बोट घालत आणि ती म्हणे, "सवय लागते बाप्पा."

ज्या साली जिल्ह्यात फवारणीनं माणसं दवाखान्यात भरती झाली, त्या साली धावजीही झाला. धावजी तांड्यावरचा, किसनरावांच्या वावरात वर्षानुवर्षं पाठीवर पंप घेणारा. त्याची बायको हंसाबाई डोक्यावरून पाणी आणायची, लीलाबाई कालवायची, धावजी मारायचा. अकरा दिवस तो यवतमाळला पडून होता. जगला, पण डोळ्यांना धूसर दिसायला लागलं. त्या दिवशीचं औषध लीलाबाईच्याच हातचं होतं. हे तिला कोणी बोलून दाखवलं नाही, हंसाबाईनंही नाही, आणि म्हणूनच ते तिला जास्त सलायचं. गावानं आपला निकाल लावून टाकला होता: धावजी उपाशीपोटी गेला, वाऱ्याकडे तोंड करून मारत होता, वर तंबाखू खाल्ला. लीलाबाईनं तो निकाल घट्ट धरून ठेवला.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुट्टीत तिची मुलगी खुशी, दारव्ह्याच्या कॉलेजात शिकणारी, पेनड्राइव्ह घेऊन घरी आली. त्यात कपाशीच्या फवारणीवरचा माहितीपट होता, तिच्या सरांनी दिलेला.

"आई, पाऊण तासाचा हाये. पाहून घे."

"मले नाही पाह्यचा. शहरातले लोक येतात, आपल्या वावरात उभे राह्यतात अन् आपल्यालेच अडाणी म्हणतात."

"तुले काय माहीत त्यात काय हाये ते?"

"माहीत हाये म्हणूनच नाही पाहत."

बोलून गेल्यावर लीलाबाईनं उगाच परात घासायला घेतली. खुशीनं ते ऐकलं होतं, पण पोरगी आईच्याच पोटची. पोळ्याचा दुसरा दिवस, कर होती. त्या दिवशी कोणी वावरात जात नाही, त्यामुळे आईला कामाचं निमित्त सांगता येणार नव्हतं. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "बरं, शिकायले नको पाहू. चुका काढायले पाह्य. जे खोटं दिसंन ते सांगजो, मी सरायले कळवतो."

चुका काढायचं आमंत्रण आजवर लीलाबाईनं कधी नाकारलं नव्हतं. ती पदर खोचून टीव्हीसमोर बसली आणि पाच मिनिटांत कामाला लागली. ही पऱ्हाटी आपल्या भागातली नाही. हा माणूस पंप उलटा धरून राह्यला. आणि हे बोलणारे सारखं विष विष काय म्हणतात? औषध म्हणा. किसनराव खाटेवरून मान डोलवत होते.

मग पडद्यावर एक ड्रम आला. त्यात कोपरापर्यंत बुडालेला एक हात, हिरव्या बांगड्या वर सारलेल्या. दोन क्षण दिसला आणि गेला.

"थांबव," लीलाबाई म्हणाली. "मांगं घे."

खुशीनं मागे घेतलं. मागून एक डॉक्टर सांगत होते की कालवणाऱ्याच्या हाताला सगळ्यात तीव्र विष लागतं, कातडीतून आत जातं, बोटं बधिर होतात, मग गरमसुद्धा कळत नाही. लीलाबाईनं ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा मागे घे म्हणाली नाही. स्वतःची पिवळी पडलेली नखं बघत बसली.

"धावजीले माह्याच हातानं झालं का?"

खोटं बोलावं असं खुशीला फार वाटलं. "हात तुहा होता, आई. पण त्या बाटलीवरचं बारीक लिहिलेलं गावात कोणी वाचलं? ज्यानं इकलं त्यानं सांगतलं का?"

"नाही सांगतलं. पण हात माहाच."

ती रडली नाही. तिला राग आला, आणि तो पहिल्यांदा त्या माहितीपटावरच निघाला. "पंपवाल्याचं नाव सांगतलं, गाव सांगतलं. त्या बाईचं तोंड काहून नाही दाखवलं?"

चपला घालून ती तशीच तांड्यावर गेली. हंसाबाई दारात डाळ निवडत होती. लीलाबाई उभ्याउभ्याच म्हणाली, "धावजीले जे लागलं ते म्या कालवलं होतं."

हंसाबाईनं मान वर केली नाही. "पाणी मी आणलं होतं, वहिनी." तिनं सूप बाजूला ठेवलं आणि आपले तळवे पुढे केले. कातडी सोलून निघालेली होती. लीलाबाई खाली बसली.

चार दिवसांनी पंचायतीसमोर एका संस्थेची गाडी लागली. चष्मा, तोंडाला मास्क, हातमोजे, अंगरखा असं फवारणीचं साहित्य वाटायचं होतं. यादीत बावीस नावं, बावीसही पुरुष. धावजीचंही नाव होतं, जो आता पंप उचलतच नव्हता.

"पाणी कोण आणते? कालवते कोण?" लीलाबाईनं विचारलं.

"मावशी, हे फवारणी करणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही मदतनीस," संस्थेचे साहेब म्हणाले.

"मंग आजपासून मदत बंद."

लोक हसले. किसनराव चल घरी, चल घरी करत राहिले. पण दुसऱ्या दिवशी एकाही बाईनं फवाऱ्याच्या पाण्याचा हंडा उचलला नाही. तिसऱ्या दिवशी शेजारचा खेमसिंग ड्रमजवळून हाक मारत आला. "लीलाबाई, थोडंसं कालवून दे न. तुह्या हाताले गुण हाये."

"त्या गुणाचं धावजीच्या डोळ्यायले विचार," ती म्हणाली. खेमसिंग तसाच परत गेला.

पाचव्या दिवशी किसनरावांचा धीर सुटला. "अवं, आपलीच पऱ्हाटी अळी खाऊन राह्यली."

"खाऊ द्या. मांगच्या साली माणूस जाऊन राह्यलता, तवा कोणाले घाई नव्हती." पीक तिचंही होतं. रोज सकाळी वावराच्या धुऱ्यावर जाऊन ती बोंडं उकलून पाहायची, आत अळी दिसे, आणि तरी घरी येऊन हंडा पालथाच ठेवायची.

आठव्या दिवशी गाडी परत आली. साहेबांनी बायांच्या नावांसाठी नवा कागद काढला. बायांची रांग लागली, पुढे लीलाबाई.

"काम काय लिहू? औषध कालवणे?"

"विष लिहा."

"मावशी, कागदावर बरं दिसत नाही ते."

"बरं दिसावं म्हणूनच औषध म्हणत होतो आमी आजवर. लिहा, विष कालवते."

साहेबांनी किसनरावांकडे पाहिलं. किसनरावांनी या खेपेला चल घरी म्हटलं नाही, ते दुसरीकडे पाहू लागले. साहेबांनी लिहिलं. लीलाबाईनं कागद आपल्याकडे फिरवून दोन्ही शब्द नीट वाचले, हातमोजे उचलले आणि बाजूला झाली.

मागे हंसाबाई होती. साहेबांनी पेन उचललं आणि तिला काम विचारलं.

"विषाले पाणी आणते," हंसाबाई म्हणाली, आणि साहेबांनी तसंच लिहिलं.