गल्लीकडे कललेलं वाचनालय

वहिनींनी ओळंबा खाली सोडला तेव्हा इंजिनिअर साहेबांना हसू आलं. "घर कललंय हे आंधळ्यालाही कळेल, त्याला दोरी कशाला?"

"किती कललंय ते डोळ्यांना कळत नाही ना, साहेब," वहिनी म्हणाल्या.

त्यांना सगळेच वहिनी म्हणत. सुतारकाम त्या वडिलांच्या हाताखाली शिकल्या. लग्नानंतर नणंदेच्या हातीही करवत दिली आणि दोघींनी मिळून कारखाना थाटला, त्याला पंचवीस वर्षं झाली. नदीकाठचं हे दुमजली लाकडी घर मात्र कितीतरी जुनं. आधी तिथे दवाखाना होता, मग शाळा, शेवटी वाचनालय. वरचा मजला गल्लीच्या बाजूला चांगला वीतभर झुकला होता. लाकूड कुजलंय, घर पाडावं, असा अहवाल साहेबांनी लिहून ठेवला होता. वाचनालयाच्या समितीने केवळ मनाच्या समाधानासाठी वहिनींना बोलावलं होतं.

वहिनींनी आठवडाभर तिथेच ठाण मांडलं. मोगरीने एकेक खांब ठोकून, कान लावून ऐकला. गल्लीकडचे तीन खांब गुडघ्याखाली बद्द वाजले. कुणीतरी तिथे सिमेंटचा गिलावा चढवला होता आणि आत पाणी मुरलं होतं. बाकी लाकूड खणखणीत.

"पाय कुजले म्हणून घर बोटभर खचेल," त्या नणंदेला म्हणाल्या. "वीतभर कलायचं नाही. छताच्या फळ्या काढ बघू."

फळ्या निघाल्या आणि सांध्यांवरच्या खुणा दिसल्या. पटाशीने कोरलेल्या उभ्या रेघा, सुटे केलेले भाग पुन्हा जोडताना जोडी चुकू नये म्हणून. जितक्या खांबावर, तितक्याच तुळईच्या टोकाला. म्हणजे हे घर दुसरीकडे उभं होतं. कुणीतरी ते सुटं करून इथे आणून जोडलं होतं. फक्त पुढच्या, गल्लीकडच्या, दोन रेघांच्या खांबांवर सात रेघांची तुळई बसली होती, आणि दोन रेघांची तुळई मागे, तुकडे ठोकून कशीबशी अडकवलेली.

वहिनींनी साहेबांना शिडीवर चढवलं. त्यांनी दोनदा रेघा मोजल्या.

"मागची लांब तुळई पुढे घातली," वहिनी म्हणाल्या, "तिने खांब बाहेर रेटला. घर म्हातारपणाने नाही वाकलं, साहेब. इथे आलं तेच वाकडं."

साहेबांनी खाली उतरून वही उघडली. "अहवाल मी बदलतो. जॅक कुठे लावायचे तेही काढून देतो."

"वहिनी, चुकलं तर घर आपल्या अंगावर येईल हं," नणंद म्हणाली.

"म्हणून तर तुला बरोबर घेतलंय. तू आधी ओरडशील."

सोळा जॅकवर घर रोज थोडं थोडं उचललं. कुजलेले पाय कापून नव्या लाकडाचे सांधले, गिलावा खरवडला. विसाव्या दिवशी तुळया खाली घेऊन अदलाबदल केली. सात रेघांची तुळई मागच्या खाचेत मोगरीच्या दोन हलक्या टोल्यांत बसली. हे ज्याने घडवलं, त्या सुताराचं माप तंतोतंत होतं.

गंमत पुढेच होती. वाकड्या चौकटींना बेतून तासलेल्या दारांपैकी आता एकही लागेना.

"घर सरळ केलंत आणि दारं रुसवून ठेवलीत," नणंद कुरकुरली आणि रंधा घेऊन बसली. अकरा दारं नव्याने करायला दीड महिना गेला. त्यानंतरच्या सोमवारी वाचनालय उघडलं.