डोन्ट माइंड, पण

‘डोन्ट माइंड’ हे शब्द मला आता ऐकवत नाहीत.

परवा कुंदामावशी गेली. झोपेतच, हार्ट अटॅक. त्रास झाला नाही म्हणतात.
गेल्यानंतर जो झाला तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. सदर भागात मेन रोडच्या मागच्या गल्लीत ब्लाऊज शिवायची. आणि तिला कोड होतं. चेहऱ्यावर, मानेवर, दोन्ही हातांवर.

कोड दुखत नाही, कुणाला लागत नाही. कातडीचा रंग गेलेला असतो, बस.

आपल्याकडे लोक तोंडावर एकदम वाईट बोलत नाहीत. सुशिक्षित आहोत ना. आधी दारात इंग्रजीचं पायपुसणं टाकतात, ‘डोन्ट माइंड’. मग ‘पण’. आणि मग पाय न पुसताच सरळ आत.

"डोन्ट माइंड ताई, पण माप तुमच्या पोरीले घेऊ द्या ना."

"डोन्ट माइंड हं कुंदा, पण हळदीच्या वेळी तू जरा मांगंच बस."

ती पोरगी म्हणजे मयूरी, मावशीची एकुलती एक. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि टेप घ्यायची. माप ती मोठ्यानं सांगणार, मावशी मशीनजवळून ऐकणार आणि कापड कापणार. दुकानाची पद्धतच पडून गेली तशी.

त्याच बायका नंतर आरशासमोर उभ्या राहून म्हणायच्या, फिटिंग म्हणजे कुंदाताईचंच.
ते कापड शिवून होईपर्यंत मावशीच्याच हातात असायचं. त्याचं कुणाला काही नव्हतं. टेप तेवढा तिच्या हातानं अंगाला लागायला नको.

मी एकदा जाम चिडले होते. म्हटलं, "मावशी, काहून ऐकून घेते वं तू?"

ती दोरा ओवत होती. म्हणाली, "त्यायनं आधीच सांगून ठेवलं न, माइंड नको करू म्हणून. आता मी काय बोलू?"

आणि हसली.
मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

परवा सकाळी मावशीला अंघोळ घालून झाली. मावशीचे यजमान, काकाजी, आहेत, म्हणजे सवाष्ण गेली, म्हणून हिरवी साडी नेसवली. मयूरी आईचे केस विंचरत होती.

तेवढ्यात मोठीआई आत आली. मयूरीची मोठीआई, म्हणजे मावशीची मोठी जाऊ.
तिच्या हातात फाउंडेशनची बाटली होती.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, चुकून हातात राहिली असेल.

तिच्या मुलीचं लग्न जुळत आलंय. मुलगा मिहानमधल्या कंपनीत नोकरीला, घर मौद्याचं. त्या लोकांनी मावशीला कधी पाहिलं नव्हतं, कारण पाहण्याच्या कार्यक्रमाला तिला बोलावलंच नव्हतं. आता ते मयतीला यायला निघाले होते.

"डोन्ट माइंड बेटा, पण आईच्या तोंडाले थोडंसं हे लावून दे. मौद्याचे पाहुणे येऊन राहिले. आपल्या घरात असं आहे हे त्यायले माहीत नाही. तुझ्या बहिणीचं जुळलेलं मोडन न."

मावशी त्या घरची सून. तिच्या कोडाचा त्या मुलीच्या रक्ताशी काय संबंध? पण हे तिथे कुणी म्हटलं नाही. खोलीत चार बायका होत्या. एकीनं तर मान हलवली, बरोबर आहे म्हणून.

मयूरीनं फणी खाली ठेवली. आवाज अजिबात चढवला नाही.

"मोठीआई, मी माइंड करतो. आईही करे. रोज करे. तुमाले कोणालेच नाही सांगतलं तिनं. दुकानाचं शटर पाडलं की मले सांगे."

मग तिनं आईच्या कपाळाला कुंकू लावलं, नेहमीएवढंच, आणि पुन्हा फणी उचलली.

"मी काय वाईट बोलली का? प्रेमानंच तं सांगून राहिली," असं म्हणत मोठीआईनं बाटली पदराखाली घेतली.

प्रेमानंच. शिसारी आली मला. अजून येतेय.

पाहुणे आले. मावशीचा चेहरा उघडा होता. मुलाच्या आईनं तिच्याकडे पाहिलं, मग मोठीआईकडे पाहिलं, हात जोडले आणि त्या बाहेर जाऊन बसल्या. लग्नाचं पुढे काय होईल मला माहीत नाही. त्या पोरीचं वाईट वाटतं, तिचा काही दोष नाही. पण गेलेल्या बाईच्या तोंडाला रंग फासून जे लग्न टिकवायचं, ते कसलं लग्न?

वाटलं होतं, इथे तरी संपलं.

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर श्रद्धांजलीचा फोटो आला. फुलांची फ्रेम, खाली दिवा. आणि मधे एक गोरी, गुळगुळीत, एकसारख्या रंगाची बाई. कुठल्यातरी ॲपमध्ये डाग काढता काढता मावशीच काढून टाकली होती. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. कुणालाही काही खटकलं नाही.

थोड्या वेळानं मयूरीचा फोन आला.

"ताई, हे कोण आहे वं?"

एवढंच बोलली आणि रडायला लागली. परवापासून पहिल्यांदा. अंघोळ घालताना रडली नाही, घाटावर नेताना रडली नाही. त्या फोटोनं रडवलं तिला.

म्हणून हा फोटो टाकतेय. मयूरीनंच निवडलाय. दुकानातला आहे, मशीनवर बसलेली, गळ्यात टेप, मान वर करून बघतेय. काहीही पुसलेलं नाही.

कुंदामावशी अशी दिसायची.

जा मावशी, सुखानं जा. आम्ही दोघी तुला विसरणार नाही.