अंबाड्यातलं सोनचाफ्याचं फूल

मस्कतच्या कुरुम भागातल्या दवाखान्यात वसुंधरा परब वर्षानुवर्षं रिसेप्शनला बसून दिवसभर इंग्रजी, अरबी आणि हिंदी झाडत. २०१४च्या जुलैत तिथल्या उकाड्यातून सुटून त्या लेकाकडे स्कॉटलंडला गेल्या, तर कौशिकने त्यांना नेलं कुठे? बोटॅनिकल गार्डनच्या काचघरात! बाहेर छान गारवा आणि आत घामाच्या धारा.

"यासाठी का विमानात बसले मी?" त्या करवादल्या.

तेवढ्यात ओळखीचा वास आला. सोनचाफा! झाडाखाली एक टवटवीत फूल पडलं होतं. पडलेलं फूल देवाला चालत नाही, पण केसांत चालतं. त्यांनी ते उचलून अंबाड्यात खोवलं.

रखवालदार धावतच आला. इथलं काही उचलायचं नाही म्हणाला. कौशिक शरमेने लाल झाला.

"सॉरी, शी डझन्ट नो एनीथिंग."

वसुंधराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी फूल काढून दिलं. रखवालदाराने ते त्यांच्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"आई, इट्स ओके ना," कौशिक पुटपुटला.

"खलास!" त्या कडाडल्या. "त्याने फूल कचऱ्यात टाकलं. तू आईला कुठे टाकलंस, ते सांग!"