खरं बोला, फोटो उमटतोय

"खरं बोला, फोटो उमटतोय."

हे वाक्य वहिनी इतक्या गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या की समोरचा माणूस, मग तो तलाठी असो की टेम्पोवाला, एकदम सावध उभा राहायचा. वहिनींच्या गळ्यात फिकट निळ्या रंगाचा, खेळण्यासारखा दिसणारा कॅमेरा असायचा आणि हातात पत्त्याएवढा पांढरा कागद. कागदावर अजून काहीच नसायचं. दोनेक मिनिटांत त्यावर माणसाचा चेहरा उमटणार आणि तेवढ्यात तो खोटं बोलला तर फोटो फिका येणार, असा वहिनींचा कायदा होता. शहापूरच्या बाजारात तो बऱ्याच जणांना पाठ होता.

तुम्ही कधी एखाद्या दाखल्यासाठी शहापूरच्या तहसील कचेरीत हेलपाटे घातले असतील, तर जवळच्या गल्लीतलं माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्याला लागून असलेला वहिनींचा फोटो स्टुडिओ तुम्ही पाहिला असणार. मधे नुसती प्लायवूडची भिंत होती. त्यामुळे त्यांच्या गिऱ्हाइकांचं सगळं बोलणं मला बसल्या जागी ऐकू यायचं, आणि मी ते न ऐकण्याचा फार प्रयत्न केला असं म्हणणार नाही.

वहिनी खरं तर कोणाच्याच वहिनी नव्हत्या. त्यांचे यजमान एकुलते एक. पण बाजार त्यांना दादा म्हणायचा, म्हणून या वहिनी. त्याही हिशेब चुकता करायच्या. साठीचा हवालदार भावजी आणि विशीतला कुरियरवालाही भावजी. दादा गेले तेव्हा स्टुडिओ बंद पडणार असं सगळ्यांनी धरलं होतं. वहिनींनी तेराव्यानंतरच्या सोमवारी शटर उघडलं आणि पासपोर्ट फोटोला आलेल्या पहिल्या माणसाला सांगितलं, "हनुवटी वर, भावजी. कर्ज मागायला आल्यासारखं नको."

तो निळा कॅमेरा त्यांच्या भाच्यानं आणून दिला. बटण दाबलं की वरच्या फटीतून घरघर करत फोटो बाहेर येतो. फिल्मचं पाकीट दहा फोटोंचं, ते ठाण्याहून मागवायचं. मी म्हटलं, "वहिनी, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. हे खेळणं कोण विचारणार?"

"तुमच्या मोबाइलात फोटो किती हायेत?"

"असतील चार-पाच हजार."

"त्यातला तुमच्या मुलीच्या बारशाचा दाखवा बघू."

मी शोधायला लागलो. तेवढ्यात त्यांनी दोन जणांचे पासपोर्ट फोटो काढले, पाणी भरून आणलं, आणि मी अजून कोणाच्या तरी आधार कार्डाच्या फोटोंमधूनच वाट काढत होतो. "ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या.

पुढे लोक खरंच त्या फोटोसाठी यायला लागले. या फोटोला दुसरी प्रत नाही, पुसून परत काढणं नाही. डोळे मिटले तर मिटलेलेच घरी न्यायचे. पण मला वाटतं, लोकांना आवडायचं ते थांबणं. एरवी एकमेकांशी धड न बोलणारे नवरा-बायको त्या कोऱ्या कागदावर डोक्याला डोकं लावून उभे राहायचे. आधी केस दिसायचे, मग डोळे, मग शर्टाचा रंग. आणि या थांबण्यातच वहिनींनी आपला कायदा घुसवला होता.

म्हसा गावच्या जत्रेत वहिनी कॅमेरा घेऊन जायच्या, तिथं तर त्या कायद्याला भलताच जोर यायचा. जानेवारीतली थंडी. थंडीत फोटो उमटायला वेळ लागतो, ऊब द्यावी लागते, म्हणून वहिनी सांगायच्या, "काखेत धरा." बैलबाजारात दहा-बारा बाप्ये एक हात काखेत दाबून गपचूप उभे आहेत, हे दृश्य मी दरवर्षी पाहिलंय. एकदा एका शेतकऱ्यानं आपल्या बैलासोबत फोटो काढून घेतला. शेजारी गिऱ्हाईक उभं होतं. वहिनींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बैल मारका नाय ना, भावजी?"

"छ्या. गाय हाय गाय."

"बघा हां. अजून उमटतोय."

काखेतल्या हाताची चुळबुळ झाली. "जरा शिंग हालवतो," तो म्हणाला.

"जरा म्हंजे?"

"मेव्हण्याचा हात मोडला."

फोटो लख्ख आला. गिऱ्हाइकानं बैल तरीही घेतला. शेजाऱ्याची माणसं त्याच्या बांधावरून ये-जा करायची, तेव्हा त्याला असलाच बैल हवा होता.

मीही एकदा सापडलो. एकादशी होती. "उपास ना, भावजी?" वहिनींनी विचारलं. मी हो म्हटलं, आणि माझा फोटो पार पांढराफटक आला. दोन दिवस मी त्या कॅमेऱ्याला वचकून होतो. तिसऱ्या दिवशी तो काउंटरवर पडला होता तेव्हा नीट पाहिलं. भिंगाभोवती एक चाक होतं. त्यावर घराची खूण, ढगाची खूण, सूर्याची खूण. उन्हात उभं करून चाक घरावर ठेवलं की फोटोत नको इतका उजेड घुसतो आणि माणूस धुऊन निघतो. म्हणजे समोरचा खोटं बोलणार की खरं, हे वहिनी त्यानं तोंड उघडायच्या आधीच ठरवून मोकळ्या व्हायच्या.

"पण मी खोटं बोलणार हे तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या मिशीला बटाटेवड्याचं बेसन होतं," वहिनी म्हणाल्या. "आता हे चाकाचं कोणाला बोलाल तर बघा."

मी बोललो नाही. गुपित ठेवण्यात मलाही मजा येऊ लागली होती, हे कबूल करतो. गिऱ्हाईक समोर आलं की वहिनी त्याला नखशिखांत न्याहाळायच्या, अंगठ्यानं चाक फिरवायच्या, आणि मी प्लायवूडच्या या बाजूला मनातल्या मनात पैज लावायचो. त्यांचा अंदाज सहसा चुकायचा नाही. म्हणूनच तो एकदा चुकला तेव्हा फार महागात पडला.

सापगावची कविता ही आमच्याकडे कॉलेजचे फॉर्म भरायला येणारी मुलगी. तिला वाशिंदचं स्थळ आलं होतं. मुलगा तिथल्या कारखान्यात नोकरीला. बोलणी जवळपास ठरली होती, आणि कविताचे काका दोघांना मुद्दाम वहिनींकडे घेऊन आले. मुलगा दुकानासमोर उन्हात उभा राहिला. घडीच्या रेघा न मोडलेला नवा शर्ट, कपाळावर घाम, नजर चपलेवर. वहिनींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि अंगठा हलला. मला तो दिसला.

"नोकरी कायमची हाय ना?" काकांनी विचारलं.

"हो. कायमची हाय," मुलगा म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला.

फोटो दुधासारखा पांढरा आला. त्यात मुलाच्या शर्टाची बटणं तेवढी दिसत होती. काकांनी फोटो खिशात घातला आणि "कळवतो" म्हणाले. आमच्याकडे "कळवतो" म्हणजे संपलं.

आठवड्यानं कविता एकटीच आली. तिनं झेरॉक्स काढल्या नाहीत, फॉर्म मागितला नाही. सरळ वहिनींसमोर जाऊन उभी राहिली.

"वैनी, त्याची नोकरी कायमचीच हाय. माझी मैत्रीण त्याच कंपनीत हाय, तिनं कागद बघितलाय."

"मग तो एवढा घाबरला कशाला गो?"

"माझ्याकडं बघून घाबरला," कविता म्हणाली. "मला आवडला होता तो. आता घरात कोण त्याचं नाव काढू देत नाय."

त्या दिवशी वहिनींनी एकाही गिऱ्हाइकाला खरं बोलायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी शटर ओढलं. "भावजी, स्कूटर काढा. सापगावला जायचंय."

"चाकाचं सांगणार?"

"मग काय मुलीला तशीच बसवू?"

मला त्यांची काळजी वाटत होती. बाजारात त्यांचा जो काही मान होता, तो त्या चाकावर होता.

कविताच्या अंगणात घरचे सगळे जमले. वहिनी उभ्या राहूनच बोलल्या. कॅमेऱ्याला खरंखोटं काही कळत नाही, फोटो मीच फिका काढते, मुलाच्या बाबतीत माझी चूक झाली. सगळं सांगितलं. आणि कोणीही विश्वास ठेवला नाही.

"वैनी, तुमी पोरीच्या प्रेमापोटी बोलताय," काका म्हणाले. "पण फोटो खोटं बोलत नाय."

वहिनींनी हताश होऊन माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ठासून सांगितलेलं खोटं चाललं, आणि एकदा खरं सांगितलं तर ते कोणाच्या गळी उतरेना. मग त्यांनी काकांना ओढून उन्हात उभं केलं, फोटो काढला आणि म्हणाल्या, "तुमचं नाव सांगा."

काकांनी आडनावासकट पूर्ण नाव सांगितलं. दोन मिनिटांनी फोटो पांढराफटक.

"आरं, म्हंजे माझं नाव खोटं?" काका खवळले. मागून त्यांची बायको पदर तोंडाला लावून हसत होती.

वहिनींनी त्यांच्या डोळ्यांदेखत चाक सूर्यावर आणलं आणि पुन्हा फोटो काढला. "आता म्हणा, मी विमान चालवतो."

"मी विमान चालवतो," काका दातओठ खात म्हणाले.

फोटो असा सुरेख आला की काकांच्या गालावरचे तीळसुद्धा मोजून घ्यावेत. सगळं अंगण हसलं. काका नाही हसले. त्यांनी दोन्ही फोटो हातात धरून बराच वेळ पाहिले आणि मग म्हणाले, "फोन लावा रे वाशिंदला." कविता दारामागे होती. तिथून काहीतरी भांडं पडल्याचा आवाज आला.

कविताच्या लग्नात आम्हा दोघांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. नवरा मुलगा तेव्हाही घामाघूम होता.

चाकाची बातमी आमच्या आधी शहापुरात पोचली. आता वहिनींची टर उडवणार, असं मला वाटलं होतं. थोडी उडवलीही. पण गंमत अशी की लोक फोटोला येतच राहिले. यायचे, चाकाकडे बघून डोळा मारायचे, आणि कागद हातात आला की सवयीनं खरंच बोलायचे. हवालदार भावजींनी तर न विचारता सांगितलं की ते केसांना कलप लावतात. ते आम्हा सगळ्यांना दिसतच होतं.

गेल्या वर्षी वहिनी मुलीकडे नागपूरला गेल्या, कायमच्या. गुडघे बोलत होते, मुलगी ऐकत नव्हती. सामान आधीच गेलं होतं. निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी असताना त्या म्हणाल्या, "एक फिल्म उरलीय, भावजी. उन्हात उभे ऱ्हा."

मी माझ्या दुकानासमोर उभा राहिलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग घरघर आवाज झाला आणि पांढरा कागद माझ्या हातात आला.

"खिशात ठेवा. आत्ताच बघायचा नाय," त्या म्हणाल्या. रिक्षात बसल्या, पदर सावरला आणि विचारलं, "मी नसताना करमेल ना तुमाला?"

"करमेल की," मी म्हटलं. "उलट कानाला आराम मिळेल."

"बरं," वहिनी म्हणाल्या. हसत होत्या. रिक्षा गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत होतो. मग खिशातून फोटो काढला.

पांढराफटक. माझी मिशी आणि मागच्या पाटीवरचं 'झेरॉक्स' एवढंच कसंबसं ओळखू येत होतं. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी चाक घरावर ठेवलं होतं.

तो फोटो मी काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. झेरॉक्स निघेपर्यंत लोक वाकून बघतात आणि हटकून विचारतात, वाया गेलेला फोटो कशाला जपून ठेवलाय. मी त्यांना सांगतो, वाया नाही गेला, बरोबर आलाय.