अर्धा बॅट्समन, अर्धा बोलर

उमाजीला लक्ष्मीकांतचं तोंड बघायला आवडत नसे, आणि तरी दर दसऱ्याला तेच तोंड बघायला तो आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, जयेंद्रगंजच्या मराठी मंडळात सगळ्यांच्या आधी जाऊन बसे. आता याला काय म्हणावं? त्याची बायको सुमनताई म्हणायची, "अहो, एवढी खुन्नस असेल तर जाऊच नका ना." पण खुन्नस होती म्हणूनच तर जायचं होतं.

एकेकाळी हे दोघे एकाच संघात खेळले. लक्ष्मीकांत कॅप्टन, उमाजी त्याचा ऑलराउंडर. डावाची सुरुवात बोलिंगने करायचा आणि सहाव्या नंबरावर येऊन धुलाई करायचा. मग शहरातल्या मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना आला, निवड करणारे वरचे लोक बघायला येणार होते, आणि लक्ष्मीकांतने सकाळी मैदानावर उमाजीला बाजूला घेऊन सांगितलं, "तू अर्धा बॅट्समन, अर्धा बोलर. आज मला कुणी तरी एक पुरा हवा." झालं. उमाजी त्या दिवशी बाहेर बसून पाणी देत राहिला. त्यानंतर तो वीज कंपनीच्या ऑफिसात चिकटला, लक्ष्मीकांत कॉलेजात संख्याशास्त्र शिकवू लागला, दोघेही रिटायर झाले. लंगोटीयार होते, ते एकमेकांना अहो-जाहो करू लागले. इतकं गार वैर मी दुसरं पाहिलं नाही.

मंडळाची एक रीत होती. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटायच्या आधी एक वाद रंगायचा. विषय कुठलाही, पण बोलायचं या दोघांनीच. लोक हात वर करून निकाल द्यायचे, आणि हरलेल्याने जिंकणाऱ्याला पहिलं सोनं द्यायचं, वाकून. लक्ष्मीकांतची जीभ गुळगुळीत, उमाजी बोलताना चिडायचा, त्यामुळे सोनं म्हणून आमच्याकडे वाटतात ती शमीची पानं घेऊन वाकायची पाळी बहुतेक वेळा उमाजीवरच यायची. यंदा विषय निघाला, वनडेमधला सगळ्या काळातला सर्वांत मोठा ऑलराउंडर कोण. उमाजीला वाटलं, देवानेच दिला. यंदा त्या माणसाला वाकवायचं आणि चारचौघांत त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, की तुझ्यावर अन्याय झाला. त्याला बाकी काही नको होतं.

घरात मात्र वेगळंच चालू होतं. उमाजीची मुलगी सोनिका कॉलेजात होती आणि दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी तिची डिव्हिजनच्या संघासाठी ट्रायल होती. पोरगी बोलिंग चांगली टाकायची आणि बॅट तर अशी चालवायची की मैदानाच्या कडेने फिरायला येणारे म्हातारे उभे राहून बघायचे. लक्ष्मीकांतही त्यांतलाच एक. ट्रायलला बॅट्समन, बोलर, ऑलराउंडर अशा वेगवेगळ्या रांगा लागतात. उमाजीने फर्मान काढलं, तू बोलरच्या रांगेत उभी राहायचं. "बाबा, मी दोन्ही करते, मतलब दोन्ही येतं मला," सोनिका म्हणाली. उमाजी मैदानावरच ओरडला, "बॅट खाली ठेव, ती आता कपाटात जाणार. अर्धं-अर्धं करशील तर माझ्यासारखी बाहेर बसशील." घरी येऊन त्याने तिची बॅट कपाटात घातली, कुलूप लावलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. त्या दिवसापासून पोरगी त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. बोलिंगही बिघडली. चेंडू कधी पायावर, कधी वाइड. उमाजी म्हणायचा, लक्ष नाही तुझं. लक्ष कसं असेल, पण बापाला कोण सांगणार?

दसऱ्याला हॉल गच्च भरला. मागून पोरंटोरं स्टोक्स, पांड्या, जडेजा अशी नावं फेकत होती. लक्ष्मीकांतने चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाला, "उमाजीराव ओरडतील, मी हिशेब मांडतो. ऑलराउंडरची बॅटिंगची सरासरी घ्या, त्यातून बोलिंगची वजा करा. जॅक कॅलिसची बाकी बारापेक्षा जास्त उरते. अकरा हजारांवर धावा, अडीचशेवर विकेट. आणि यांचा कपिल? यांचा कपिल उणे निघतो."

हॉल हसला. उमाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उणे?" तो उठला. "अहो प्रोफेसर, तेव्हा लोक वनडेत कसोटीसारखं टुकूटुकू खेळत बसायचे. दोनशे म्हणजे डोंगर. त्या काळात कपिल शंभर चेंडूंत पंच्याण्णवच्या वेगाने मारायचा. तुमचा कॅलिस नंतरच्या, सोप्या जमान्यात सत्तरीत रेंगाळला. सतरा धावांत पाच गेल्यावर वर्ल्ड कपमध्ये एकशे पंचाहत्तर नाबाद, ते कुठल्या वजाबाकीत बसवता? दोन जमाने एका तराजूत घालायचे आणि वर शहाणपणा मिरवायचा." पोरं टाळ्या पिटू लागली. उमाजीला चेव चढला. "ऐका. ऑलराउंडर म्हणजे अर्धा अधिक अर्धा नाही. चांगली बोलिंग पडली की त्याच माणसाच्या बॅटला जोर येतो. त्याच्या हातातून एक काम काढून घ्या, दुसरंही मरतं. आणि जो काढून घेतो ना, त्याला खेळ कळत नाही. तो भित्रा असतो. हे मी काल-परवाचं नाही बोलत, बिलकुल आयुष्यभराचं बोलतोय."

आता हॉल त्याच्या बाजूला होता. सुमनताईसुद्धा टाळ्या वाजवत होती. लक्ष्मीकांत खुर्चीतून हळूच उठला, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तो अरे-तुरेवर आला.

"बरोबर आहे तुझं, उम्या. मी भ्यायलो होतो. कप हातचा जाईल म्हणून भ्यायलो. मग आता एवढं सांग, सोनिकाची बॅट तुझ्या कपाटात का आहे? मैदानावर ऐकलं मी सगळं. माझंच वाक्य होतं ते, फक्त तुझ्या तोंडात."

उमाजीला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. हवी होती ती कबुली मिळाली होती, पण अशी, की गिळताही येईना आणि थुंकताही येईना. "तिचं आणि माझं वेगळं आहे," तो कसाबसा म्हणाला. कुणी तरी मागून फिसकन हसलं.

हात वर करायला कुणी सांगितलं नाही, आणि कुणी केलेही नाहीत. मंडळाच्या इंदुताईंनी घाईघाईने सोन्याचं तबक पुढे आणलं. पहिलं सोनं कोणी द्यायचं हे ठरेना. तेव्हा सोनिका पुढे आली. तिने तबकातली पानं उचलली, सरळ लक्ष्मीकांतकडे गेली आणि वाकून म्हणाली, "सोनं घ्या, काका." लक्ष्मीकांतनेही ते घेतलं, आणि घेताना त्याने उमाजीकडे पाहिलं. तो जिंकल्यासारखा दिसत होता, हलकट.

मग ती बापासमोर आली. उमाजीने सवयीने ओंजळ पुढे केली. पोरगी वाकली नाही. तिच्या हातात पानं नव्हती. तिने रिकामा तळवा त्याच्यासमोर धरला.

"सोनं नंतर देईन, बाबा. कपाटाची किल्ली द्या."

"घरी गेल्यावर बघू."

"अभी," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "इथे, सगळ्यांसमोर. बाहेर बसायचं ते तुम्ही बसलात. मी नाही बसणार."

उमाजीने सुमनताईकडे पाहिलं. ती पदराचं टोक बघत होती. त्याने लक्ष्मीकांतकडे पाहिलं, तो चष्मा पुसत होता. शेवटी त्याने सदऱ्याच्या खिशात हात घातला. किल्ली लहान होती, पण ती बाहेर यायला फार वेळ लागला. सोनिकाने ती मुठीत घेतली आणि चपला घालून एकटीच घराकडे निघाली. लोक एकमेकांना सोनं देऊ लागले, गळाभेटी सुरू झाल्या. उमाजी ओंजळ तशीच धरून उभा होता, आणि त्या संध्याकाळी त्याच्या ओंजळीत पहिलं पान टाकायला आला तो लक्ष्मीकांत.