कॉम्प्युटरच्या पोटातल्या अक्षता

आमच्या चँडलर शहरातल्या घरात एक काळा डबा आहे. डबा म्हणजे डेस्कटॉप हो. हे रिटायर झाले त्या वर्षी यांनी सुटे भाग आणून तो जेवणाच्या टेबलावर जोडला. चार दिवस आम्ही सोफ्यावर ताटं घेऊन जेवलो! यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. डबा चालतो, पण कसा? बटण दाबावं, कुकर लावावा, तीन शिट्ट्या झाल्या की स्क्रीन उजळणार. आणि घरघर तर अशी, की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो.

लेक दुसऱ्या शहरात, बेलव्ह्यूला असते. फोनवर म्हणाली, "आई, इट्स डन. दिवाळीला येताना तुला लॅपटॉप आणते आणि तो रीसायकलला देऊन टाकते."

"तुझ्या बाबांनी जोडलाय तो. कुठेही जाणार नाही."

"मग दिवाळीपर्यंत नीट चालवून दाखव. आणि दुकानात नेऊ नकोस हं, त्याच्या किमतीपेक्षा त्यांची फी जास्त होईल."

आता मी काही त्यातली शिकलेली नाही. पण शिवणाचं मशीन आयुष्यभर माझं मीच उघडलंय. व्हिडिओ लावले, थांबवून थांबवून वहीत लिहून घेतलं. एवढं कळलं की दोन वस्तूंत भागेल: थोडी जास्त मेमरी, आणि जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी, झटपट चालणारी डिस्क. मेमरी कुणाच्या तरी जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली घेतली, एसएसडी तेवढी नवी, लहानातली. जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवायला एक अख्खी दुपार गेली.

मग डबा आडवा केला, कुशीचं झाकण काढलं आणि बघतच राहिले. आत अक्षता! पंख्याच्या पात्यांत, तारांच्या बेचक्यात, तळाला. आणि झेंडूच्या काळ्या पडलेल्या पाकळ्या.

दर दसऱ्याला मी डब्याची पूजा करते. हळदकुंकू, फूल, वर मूठभर अक्षता. वर त्याला जाळी आहे, हे कुठे लक्षात येतंय? हे म्हणायचे, "अगं, मशीन आहे ते, नवरदेव नाही!"

मी म्हणायची, "तुमच्या डोक्यावर पडल्याच होत्या ना? काय बिघडलं?"

दुसऱ्या दिवशी हे स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेले असायचे. विचारलं तर, "धूळ काढतोय." मला वाटायचं, यांना काय, खेळायला निमित्त! एवढ्या वर्षांत कधी म्हणाले नाहीत की तुझे तांदूळ वेचतोय म्हणून. आत होत्या त्या तीनच दसऱ्यांच्या अक्षता. हे नसतानाच्या.

मग भुवयांचा चिमटा आणि एक कोरा ब्रश आणला. एकेक दाणा काढून वाटीत ठेवला. जुनी डिस्क काढून नवी बसवली, मेमरीच्या पट्ट्या खाचेत घातल्या, बटण दाबलं. पीं, पीं, पीं! स्क्रीन काळीच. म्हटलं, वाचवायला गेले आणि मीच मारला की काय? वही पाहिली. लिहिलं होतं, पट्टी पूर्ण बसली नाही तर ओरडतो. वायर काढली, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टक्. पुन्हा टक्. हात जोडले, बटण दाबलं आणि सवयीने कुकर लावला.

कुकरची पहिली शिट्टीसुद्धा झाली नव्हती, तोवर स्क्रीन उजळली. घरघर नाही, काही नाही. मीच वाकून पाहिलं, पंखा फिरतोय ना!

लेकीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. म्हणाली, "ओके, ओके, यू विन. पण आई, या दसऱ्याला तरी त्याच्यावर तांदूळ टाकू नकोस, प्लीज."

टाकले. मूठभर नाही, चिमूटभर. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर यांचा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले.